नुसती टेकलेली मुलं

१

आमच्या बाबांनी मला आयुष्यात कधी 'छान' म्हटलं नाही. माझी एखादी खुर्ची मढवून झाली की ते काठी टेकत यायचे, खुर्चीभोवती एक चक्कर मारायचे आणि खुर्चीच्या हाताच्या कडेला, जिथे दोन कापडं एकत्र येतात तिथे, अंगठ्याचं नख घालून शिवण तपासायचे. टाका जरासा जरी तिरका गेलेला असला की ते नख तसंच पुढे रेटलं जायचं. टच्, टच्, टच्. वीतभर उसवून झालं की "कार्टे, हे काय बारदान शिवलंयस?" एवढं बोलून स्वारी परत आपल्या जागेवर. शिवण उसवली नाही, तर समजायचं की काम जमलं. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच.

पण त्या माणसाचा हात! डोळे मिटून गादीवरून तळवा फिरवला की आत काथ्या कुठे गोळा झालाय, कुठली स्प्रिंग मान टाकतेय, सगळं त्यांना कळायचं. त्यांनी तरुणपणी मढवलेले सोफे लोक अजून दिवाणखान्यात मिरवतात. अशा माणसाच्या शिव्या खाऊन शिकले याचा मला अभिमान वाटतो. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण उत्तर ठरलेलं होतं. "बडबड पुरे, सुई ओव."

दुकान पुढे आणि घर मागे. मधल्या दारात बाबांची खुर्ची, म्हणजे तिथून माझ्यावर नजर ठेवता येते. खुबा धरल्यापासून ते डावा पाय लांब सोडून, सगळा भार उजवीकडे टाकून बसत. त्यामुळे त्यांच्या गादीला उजव्या अंगाला चांगला खोल खळगा पडलेला. आम्ही जगाच्या गाद्या भरून देणारे, आणि आमच्याच दारात ही अवस्था. मी कितीदा म्हटलं, बदलून देते. ते खेकसत, "माझ्या बुडाचा साचा आहे तो. हात लावशील तर बघ."

ते बसले की ती खुर्ची 'कुर्र' करायची. मी पाठमोरी असले तरी मला कळायचं, साहेब आले.

२

त्या चित्रकार बाई आमच्याकडे आल्या त्या एक मोडकी आरामखुर्ची घेऊन. बरोबर बाटलीच्या हिरव्या रंगाचा कापडाचा तुकडा होता. त्यांना तसंच कापड हवं होतं, तीच वीण, कडेला तसाच जाड गोट. मी म्हटलं, जुनं दिसेल असं करून देते. बाई म्हणाल्या, "जुनं नको ताई. तेव्हाचं नवं हवंय." मला हे बोलणं फार आवडलं. ती खुर्ची मी जीव लावून मढवली. बाबांचा खुबा त्या दिवसांत फार दुखत होता, त्यामुळे ते उठून तपासायला आले नाहीत.

खुर्ची पोचवायला मी त्यांच्या कामाच्या खोलीवर गेले आणि दारातच थबकले.

भिंतीला टेकवून चित्रं ठेवलेली होती. प्रत्येकात एक खोली, आणि खोलीत एखादा तरुण. एकजण लाकडी रेडिओग्रामसमोर दिवाणावर पडून गाणं ऐकत होता. एकजण फोनची वेटोळ्यांची वायर बोटाला गुंडाळत खिडकीत बसला होता, आणि पलीकडून कोण बोलतंय ते त्याच्या कानाच्या पाळीवरून सुद्धा ओळखावं. एकजण नुसत्या बनियनवर, गळ्यात टाय अडकवून, पलंगाच्या कडेला बसून बूट चढवत होता. भिंतींना मोठाल्या गोलांचा कागद, कोपऱ्यात उभा दिवा, आणि सगळीकडे संध्याकाळचं ऊन. त्या खोल्यांमध्ये उन्हालाही कसली घाई नव्हती. मुलं तर इतकी देखणी की मी, चाळिशी ओलांडलेली बाई, पदर सावरून उभी राहिले.

मी किती वेळ बघत होते कोण जाणे. पण धंद्याची नजर वाईट. मुलांवरून ती आपोआप मुलांच्या खाली गेली.

"बाई, एक बोलू? राग मानू नका."

"बोला की."

"चित्रं बघत राहावी अशी आहेत. पण मुलं बसलीयेत आणि गाद्या दबलेल्याच नाहीत. एवढा बाप्या बसल्यावर कडेला सुरकुत्या पडतात, मधे खळगा पडतो. इथे काहीच नाही."

बाई ब्रश पुसत जवळ आल्या. चूक दाखवल्यावर माणूस खजील होतो किंवा चिडतो. त्यांचं दोन्हींतलं काहीच झालं नाही.

"दबतील कशा?" त्या म्हणाल्या. "अजून बसली कुठेयत ती? नुसती टेकलीयेत."

मी हसले. कलावंत माणसं, काहीतरी बोलायचंच. मग सहज विचारलं, "आणि ही मुलं आणता कुठून समोर बसवायला?"

"आणत नाही. मी आधी खोली रंगवते, मग खुर्ची. खुर्ची पुरी झाली की कोण येणार ते दिसतंच."

३

प्रदर्शनाची पत्रिका आली. तिच्यावर माझीच हिरवी खुर्ची छापलेली, आणि तिच्यात एक पोरगा. एक पाय खुर्चीच्या हातावरून बाहेर टाकलेला, मान मागे, चित्राबाहेरच्या कुणाकडे तरी बघून मनापासून हसणारा. बाबा घराबाहेर पडायचं नाव काढत नसत. ती पत्रिका त्यांनी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली आणि म्हणाले, "गाडी बोलाव."

प्रदर्शनाच्या त्या पांढऱ्या मोठ्या खोलीत बाबा एकेका चित्रापुढे उभे राहिले. तोंडातून एक वाकडा शब्द नाही. शेवटी ते त्या हसऱ्या पोरासमोर आले. चित्राच्या पुढ्यातच खरी खुर्ची मांडून ठेवली होती.

"असे बसायचो आम्ही," ते म्हणाले. "पाय टाकून. खुबा नावाची वस्तू अंगात असते हेही तेव्हा माहीत नव्हतं."

त्यांच्या आवाजात असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मला एकदम भरून आलं. माझे बाबाही कधीकाळी इतके हलके होते, हा विचारच मी कधी केला नव्हता.

मग त्यांनी खऱ्या खुर्चीच्या हाताला अंगठ्याचं नख लावलं. नख शिवणीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि बाहेर आलं. एकही टाका तुटला नाही.

"तू मढवलीस?"

"हो."

"हं," बाबा म्हणाले. मग, "बसतो जरा. पाणी आण."

पाण्याचं भांडं खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी पेला भरून वळले तेव्हा बाबा उभे होते. हाताला धरून उठवायला मी नव्हते, काठी खुर्चीपाशी खाली पडलेली, आणि ते सरळ उभे, चित्राकडे पाठ करून. मी धावत गेले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"किती छान मढवलीस गं, बाळ," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जो शब्द ऐकायला जन्म गेला तो असा भर गर्दीत कानावर पडला. त्या आनंदात मी चित्राकडे मान वळवूनही पाहिलं नाही. काठी तिथेच राहिली. घराजवळ आल्यावर मला आठवण झाली, तर ते म्हणाले, "राहू दे. आता काय करायचीय?"

४

खुबा बरा झाला. डॉक्टर म्हणाले, कधी कधी होतं असं, दाखवत राहा. बाबा पायऱ्या चढू लागले, शीळ घालू लागले, मला चहा करून देऊ लागले. 'कार्टे' जाऊन मी 'बाळ' झाले.

आत्या आली ती बघतच राहिली. "अगं, दादा तर लग्नाआधीचा दिसायला लागला! कुठलं औषध देतेस? मलाही सुरू कर." मग तिचं लक्ष भिंतीवर लावलेल्या पत्रिकेकडे गेलं. "हा कोण गं देखणा? चित्रातला होय? एवढा देखणा पोरगा आणि घरात बाईमाणूस दिसत नाही. म्हणून तर मजेत आहे मेला."

बाबा खो खो हसले. हसता हसता त्यांनी एक पाय खुर्चीच्या हातावरून बाहेर टाकला. डावा पाय. आत्याला त्याची फार गंमत वाटली. मी पण हसले.

पण माझं हसू मधेच थांबलं. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय हे कळायला मला थोडा वेळ लागला. ते बसताना खुर्ची वाजली नव्हती.

उन्हाळा आहे, लाकूड सुकलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. स्प्रिंग कधीकधी आपोआप बसते. दुसऱ्या दिवशी मी पाठमोरी होऊन काम करत राहिले आणि कान मागे ठेवले. आवाज आला नाही. वळून पाहिलं तर ते कधीचे येऊन बसलेले, माझ्याकडे बघून मान डोलावत होते.

ते आंघोळीला गेल्यावर मी त्यांच्या गादीवर हात ठेवला. उजव्या अंगाचा खळगा उथळ झाला होता. वर्षानुवर्षं दाबून बसलेला कापूस हळूहळू फुलत होता. जी गादी माणूस वापरतच नाही ती अशी वर येते. परगावी गेलेल्या लोकांच्या घरातल्या गाद्या मी पाहिल्या आहेत.

५

मी काही भोळीभाबडी नाही. माणूस बरा झाला, अंगाने हलका झाला, उठबस वाढली, तर गादीवर भार कमी पडणारच. शिवाय तक्रार करायची तरी कशाची? आपला बाप आपल्याशी गोड बोलतो याची? रोज संध्याकाळी ते माझ्या कामाची तारीफ करत, आणि मला ती आवडत होती. हे मी सरळ सांगते. फार आवडत होती.

म्हणून मी करायचं ते करायला बरेच दिवस लावले.

एका गिऱ्हाइकाची खुर्ची मढवत होते. तिच्या हाताची शिवण मी मुद्दाम बिघडवली. टाके लांबआखूड, मधे एक पार नागमोडी, शेवटची गाठ बाहेर. शिकाऊ माणसालाही लाज वाटावी असं काम. मग हाक मारली, "बाबा, जरा बघता का?"

ते मधल्या दारापर्यंत आले. उंबरठ्याच्या आतूनच वाकून पाहिलं. प्रदर्शनापासून ते दुकानात पाऊल टाकत नव्हते, हेही तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"हात लावून बघा ना."

त्यांनी हात लांब केला आणि बोटांची टोकं शिवणीवरून फिरवली. त्या नागमोडी टाक्यावरूनही फिरवली. अंगठा मात्र उचललेलाच होता.

"फार सुंदर," ते म्हणाले. चेहऱ्यावर खरा आनंद होता. "फारच सुंदर, बाळ. आणि हे झालं की माझी गादी तेवढी नवी भरून दे ना. त्या खळग्यात मला नीट वाटत नाही."

मी "हो" म्हटलं. ते आत गेल्यावर मी ती शिवण स्वतःच्या नखाने उसवायला घेतली, आणि डोळ्यांतल्या पाण्याने मला टाके दिसेनात.

६

नंतर चित्रकार बाईंचा फोन आला. प्रदर्शन संपत आलं होतं. "ताई, तुमच्या खुर्चीची शिवण उसवलीय. येऊन बघता का?"

मी बोलायचं म्हणून बोलले, "लोक बसत असतील."

"तुमच्या बाबांनंतर कुणीच बसलं नाही. मी दोरी बांधलीय."

दुपारची वेळ होती. खोलीत फारसं कुणी नव्हतं. मी खुर्चीजवळ गुडघे टेकून बसले. उजव्या हाताची शिवण वीतभर उघडी होती. कापड फाटलेलं नव्हतं, घासलेलंही नव्हतं. एकेक टाका वेगळा तोडला होता, नेटका, एका रेषेत. असं उसवणारा माणूस मी एकच पाहिलाय. बाबांचं नख त्या दिवशी खुर्चीच्या डाव्या हातावरून फिरलं होतं, उजवा तपासायचा राहिला होता. त्या उजव्या हातावर माझा एक टाका तिरका गेला होता. मला तो मढवतानाच दिसला होता, आणि खपून जाईल म्हणून मी सोडून दिला होता.

मग मी मान वर केली.

चित्रातला पोरगा तोच होता. तेच दाट केस, तेच नाक, तीच कोपरापर्यंत दुमडलेली बाही. पण वर टाकलेला पाय आता खाली होता. डावा पाय लांब, ताठ सोडलेला, सगळं अंग उजवीकडे झुकलेलं. आणि गादी दबली होती. खोल दबली होती, कडेला सुरकुत्या पडल्या होत्या. तो हसत नव्हता. मान खाली घालून तो खुर्चीच्या उजव्या हाताकडे बघत होता, कोवळ्या कपाळावर मधोमध एक उभी आठी, आणि अंगठा शिवणीत.

"पत्रिकेवर पाय वर होता," मी म्हटलं.

"होता ना?" बाई माझ्या शेजारी उभ्या राहून डोळे बारीक करून चित्र न्याहाळत होत्या. "मी पुन्हा कधी हात लावला, आठवत नाही. पण छान झालंय, नाही? सगळ्यांत हा एकच खरा बसलाय."

आणि खरंच छान झालं होतं. तेच तर भयंकर होतं. भिंतीवरच्या सगळ्या चित्रांत ते सर्वांत सुंदर चित्र होतं. बाकीची मुलं त्याच्यापुढे कागदाची वाटत होती.

मी पिशवीतून वाकडी सुई काढली आणि खुर्चीची शिवण घालायला घेतली. मागे काठीचा आवाज झाला. एक म्हातारे गृहस्थ एकटेच आत आले होते आणि रेडिओग्रामच्या चित्राकडे हळूहळू चालले होते.

"वयस्कर माणसांना फार आवडतात माझी चित्रं," बाई म्हणाल्या.

मी त्या गृहस्थांना हाक मारली. "बसू नका," मी म्हटलं. ते चमकून म्हणाले, "अहो, बसायला आहे काय इथे?" खरंच काही नव्हतं. मांडलेली खुर्ची एकच होती, माझी.

७

चित्र मी मागितलं. बाई म्हणाल्या, ते विकलं गेलं, लांब जाणार आहे. खुर्ची मात्र त्यांनी लगेच दिली. "न्या. तिचं काम झालं."

ती आता दुकानात, माझ्या कामाच्या पाटासमोर आहे. ती आली त्या दिवशी मी मधल्या दारात उभ्या असलेल्या माणसाला म्हटलं, "या ना, बसून बघा. जमलीय का सांगा." अगदी आर्जवाने म्हटलं.

ते उंबरठ्याच्या पलीकडेच राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, लबाडीही नव्हती. उलट थोडी कीवच होती.

"नको, बाळ," ते म्हणाले. "मी खूप बसलोय तिच्यात."

मी त्या खुर्चीच्या उजव्या हाताची शिवण रोज घालते. मन लावून, जीव ओतून. रोज सकाळी ती उसवलेली असते. कधी वीतभर, कधी बोटभर. मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर माणसं म्हणतील उंदीर असेल, आणि मीही पहिल्यांदा उंदीरच म्हटलं होतं. पण उसवलेली शिवण बघितली की मला बरं वाटायला लागलं. आज कमी उसवली, म्हणजे सुधारणा आहे. मी मनातल्या मनात म्हणायचे, सांगा, कुठे चुकलं.

आज सकाळी शिवण उसवलेली नव्हती.

मी वाकून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. सगळे टाके जागच्या जागी. एवढी सरळ शिवण मी आयुष्यात घातली नव्हती. आनंदाने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण शिवण न उसवणं म्हणजे काम जमलं. आणि शिवण न उसवणं म्हणजे, उसवणारा आता तिथे नाही, असंही असू शकतं. चित्र कुठे पोचलं असेल, कुठल्या घरात, कुठल्या भिंतीवर, मला काय माहीत?

दुपारपर्यंत मी हात बांधून बसले. मग सगळी शिवण काढली आणि नव्याने घातली. जितकी वाईट घालता येईल तितकी.

मागून हाक आली. "चहा ठेवलाय, बाळ. अरे वा, झाली का शिवण? किती छान! आता माझी गादी घे हं करायला."

"तुमची गादी मी नाही बदलणार," मी मागे न बघता म्हटलं. "तो साचा आहे एका माणसाचा. हात लावायचा नाही."

पावलं वाजली नाहीत, खुर्चीही वाजली नाही. ते गेले की माझ्या पाठीशी उंबरठ्यावर उभेच आहेत, मला सांगता आलं नसतं. मी समोरच्या शिवणीवर तळवा ठेवला, बाबा ठेवायचे तसा, आणि डोळे मिटले.

खाली एक टाका तुटला. टच्.

"हो, बाबा," मी म्हटलं, आणि सुई ओवायला घेतली.